कारणाचा रकाना

ख्रिस्ती मंडळीच्या मृतांच्या नोंदवह्या चार होत्या. त्यांत बेचाळीस वर्षांच्या सहाशे अकरा नोंदी होत्या, सगळ्या एकाच अक्षरात. अक्षर पाळकबाबांचे. ते निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली होती आणि त्यांचे वय आता एक्याण्णव होते. वह्या तेव्हापासून प्रार्थनागृहाच्या मागच्या खोलीत, लोखंडी कपाटात, कुलुपात पडून होत्या. कपाटाच्या मागून छपराच्या पाण्याचा नळ खाली उतरत होता. तो हिवाळ्यात गळला आणि ते उन्हाळ्यात कळले.

म्हणून नव्या पाळकांनी टायपिस्टबाईंना बोलावले.

बाई एकसष्ट वर्षांच्या. छत्तीस वर्षे न्यायालयाच्या नकला विभागात होत्या. मूळ कागदात चूक असेल तर नकलेतही ती असलीच पाहिजे, हा तिथला नियम. एका न्यायाधीशांनी निकालपत्रात साक्षीदाराच्या कुत्र्याला 'श्री.' लावले होते. बाईंनी नकलेतही कुत्र्याचा मान राखला. वरच्या न्यायालयात हशा पिकला, पण बाईंच्या नकलेवर बोट ठेवायला कुणाला जागा मिळाली नाही.

"सोपं काम आहे, बाई," नवे पाळक म्हणाले. वय तेहतीस, बाही कायम दुमडलेली. "डावीकडून उजवीकडे वाचायचं आणि संगणकात भरायचं. मृत्यूच्या कारणाचा रकाना तर टाइपही करायचा नाही. यादी दिलीय. आजार, अपघात, वार्धक्य, इतर. एक निवडायचं."

"आणि यादीत नसलेलं काही निघालं तर?"

"माणूस या चारांपैकीच कशाने तरी जाणार ना?"

"तुम्ही अजून तरुण आहात, साहेब," बाई म्हणाल्या आणि त्यांनी किल्ली घेतली.

त्यांनी हे काम लगेच का स्वीकारले, ते पाळकांना माहीत नव्हते. त्यांच्या नवऱ्यालाही नव्हते. पहिल्या वहीत, सुरुवातीच्या चाळीसेक नोंदींत कुठेतरी त्यांच्या भावाची नोंद होती. त्याच्यासमोर कारण म्हणून काय लिहिले आहे, हे त्यांना एकावन्न वर्षे बघायचे होते आणि एकावन्न वर्षे बघायचे नव्हते.

भावाला घरात 'बटण' म्हणत. दोन वर्षांचा असताना त्याने आईच्या शिवणाच्या डब्यातले बटण गिळले आणि स्वतःच जिन्यातल्या प्रत्येक दारात जाऊन "मी बटण खाल्लं" असे जाहीर केले. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. बहिणीने शाळेत मार खाल्ला, बहिणीने जिन्याच्या कठड्यावरून घसरगुंडी केली, बहिणीने साखर खाल्ली, सगळ्या बातम्या आई दारात पाऊल ठेवते तोच तिला पोचत. "चुगलखोर कुठला," असे बहीण त्याला म्हणे. तो मान डोलवी, जणू पदवी मिळाली.

तो पाच वर्षांचा आणि ती दहा वर्षांची असताना एका मंगळवारी त्याला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यातल्या मदतनीसाने सांगितले, पोटाला आराम हवा, पाण्याचा थेंब देऊ नका. तेव्हा असेच सांगत. बुधवारी आईला लाँड्रीत पाळीवर जाणे भाग होते. तिने पाण्याचा जग कपाटावर ठेवला आणि मुलीला बजावले, "कितीही मागू दे, द्यायचं नाही. मी दोनला येते."

अकरा वाजेपर्यंत तो रडून मागत होता. मग रडणे थांबले आणि तो नुसते ओठ हलवून मागू लागला. ती स्टुलावर चढली. तीन पेले दिले. पेला पुसून जागेवर ठेवला, स्टूलही ठेवले.

दोन वाजता आईने विचारले, "पाणी दिलं नाहीस ना?"

"नाही," ती म्हणाली.

चार वाजता तिला खालच्या मजल्यावरच्या मावशींकडे पाठवले. दिवेलागणीला बटण गेला.

त्याच्या आधीच्या रविवारी, मुलांच्या वर्गात, शिक्षिकेने फळ्यावर डावीकडे 'पाप' लिहिले होते, उजवीकडे 'मरण' आणि मधे एक बाण. "उरलेलं पुढच्या रविवारी," ती म्हणाली होती. पुढच्या रविवारी ही मुलगी वर्गात गेली नाही. त्यामुळे तिच्यापाशी एवढाच बाण राहिला. आईची आज्ञा मोडली, वर खोटे बोलली आणि भाऊ मेला. हिशेब चोख बसत होता.

दफन झाल्यावर तिने पाळकांना बाजूला गाठून सगळे सांगितले. पाळकबाबा तेव्हा चाळीस वर्षांचे होते आणि त्यांना या मंडळीत येऊन दोनच वर्षे झाली होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "देवाला सगळं माहीत आहे, पोरी." आणि कुणीतरी हाक मारली म्हणून गेले.

पुढे तिला स्वतःला मुलगी झाली. त्या मुलीलाही तोच आजार झाला तेव्हा डॉक्टरांनी सांगितले, मीठ-साखर घातलेले पाणी पाजा, पाजतच राहा. बाईंनी विचारले, "पाणी दिल्याने मूल दगावतं का हो?" डॉक्टर हसले. "न दिल्याने दगावतं." म्हणजे पाणी निर्दोष सुटले. पण खोट्याचा खटला डॉक्टरांच्या कक्षेत येत नव्हता. तो तसाच पडून राहिला.

आई बारा वर्षांपूर्वी गेली. शेवटचे अठरा दिवस ती अंथरुणाला खिळून होती. शुश्रूषेला एक नर्स ठेवली होती. तिच्या हातून आई औषध घेई, सूप घेई, पाणी मात्र घेत नसे. "ते नको. ती येऊ दे," म्हणे. बाई न्यायालयातून धावत येत. आई त्यांच्या हातून पाणी पिई आणि पिताना त्यांच्याकडे बघत राही. ते बघणे बाईंना सोसत नसे. प्रत्येक पेला त्यांना प्रश्नासारखा वाटे.

तर, किल्ली घेतल्यावर बाईंनी नोंद क्रमांक एकपासून सुरुवात केली नाही. नोकरीत त्यांनी असे कधी केले नव्हते. त्यांनी पहिली वही सरळ त्या वर्षावर उघडली.

वही आडवी, रुंद. डाव्या पानावर क्रमांक, नाव, वय, तारीख आणि शेवटी मृत्यूचे कारण. उजव्या पानावर दफनाची जागा आणि सह्या. उजव्या पानाला बाहेरून आणखी एक पट्टा होता, तो आत दुमडलेला. तो उलगडला की शेऱ्याचा रकाना दिसे. ओलीने इथली काही पाने फुगली होती आणि पट्टे पानांना घट्ट चिकटले होते.

क्रमांक एकतीस. भावाचे नाव. वय पाच. आणि कारणाच्या रकान्यात, टपोऱ्या अक्षरात, एकच शब्द:

पाप.

बाईंनी वही मिटली. कपाटात ठेवली. कुलूप लावले आणि ते लागले की नाही ते दोनदा ओढून पाहिले. मग घरी गेल्या.

नवरा लिफ्ट दुरुस्तीतून निवृत्त झालेला. त्याने जेवताना दोनदा मीठ मागितले. मीठ आले नाही.

"काय गं, वहीत भूत निघालं की काय?"

"नाही हो. अक्षर लागत नाही."

"तुला? तुला डॉक्टरांचं अक्षर लागतं आणि पाळकांचं लागत नाही?"

बाई उठून भांडी घासायला लागल्या. भांडी आधीच घासलेली होती.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या, कारण काम अंगावर घेतले होते. या वेळी क्रमांक एकपासून बसल्या. क्रमांक एक: एक आजीबाई, वय अठ्ठ्याऐंशी. कारण: पाप.

बाईंनी चष्मा पुसला.

क्रमांक दोन, गवंडी, वय चव्वेचाळीस. कारण: पाप. तीन, शाळेची मुख्याध्यापिका. पाप. चार, पाच, सहा. पाप, पाप, पाप. सात, एक बाळ, वय सव्वीस दिवस. तिथेही तेच, तसेच टपोरे, ना लहान ना मोठे.

त्यांनी ती वही तशीच उघडी ठेवून दुसरी काढली, मग तिसरी, चौथी. वरपासून खालपर्यंत बोट फिरवत गेल्या. बेचाळीस वर्षे एकच शब्द. दुसऱ्या वहीत क्रमांक दोनशे चौऱ्याण्णवला बोट थांबले. ती पाळकबाबांची बायको होती. तिच्याबद्दल मंडळीत वाकडा शब्द कुणी ऐकला नव्हता. तिच्यासमोरही नवऱ्याने स्वतःच्या हाताने तेच लिहिले होते.

मग बाईंनी पहिल्या पानाचा पट्टा उलगडला. हा चिकटलेला नव्हता. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात मजकूर होता. आजीबाईंपुढे: 'निमित्त: म्हातारपण. आभार: शेवटच्या सकाळी स्वतःची वेणी स्वतः घातली. सांगणार: नात.' गवंड्यापुढे: 'निमित्त: परांचीवरून पडला. आभार: भांडलेल्या भावाशी आदल्याच दिवशी बोलला होता. सांगणार: भाऊ.' सव्वीस दिवसांच्या बाळापुढे: 'निमित्त: कळले नाही. आभार: एकदा हसले. सांगणार: वडील.'

दफनानंतर पाळकबाबा प्रत्येक घरच्यांना विचारत, "आभार मानावेत अशी एक गोष्ट सांगा," हे सगळ्या मंडळीला ठाऊक होते. काहींना त्याचा रागही येई. पण ते घरी जाऊन हे लिहून ठेवत, हे कुणाला ठाऊक नव्हते.

नवे पाळक चहा घेऊन आले आणि बाईंच्या खांद्यावरून वाचू लागले. चहाचा कप तिरका झाला.

"हे... हे सगळीकडे असंच आहे?"

"सहाशे अकरा."

"मुख्य कार्यालयातून दरवर्षी तपासनीस यायचे! शिक्के आहेत बघा त्यांचे."

"नोंदी मोजायचे, साहेब. वाचायचे नाहीत."

"पण हे संगणकात कसं घालायचं? सव्वीस दिवसांचं बाळ, आणि समोर पाप? त्याची आई अजून रविवारी तिसऱ्या बाकावर बसते." त्यांनी कपाळ चोळले. "सगळ्यांना 'इतर' करा, बाई."

"मूळ कागदात आहे ते मी बदलत नाही."

"मग काय करायचं?"

"ज्यांनी लिहिलं ते जिवंत आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांना विचारू. आणि ही पहिली वही बरोबर घ्या. जड आहे, तुम्ही तरुण आहात."

पाळकबाबा दोन गल्ल्या पलीकडे मुलीकडे राहत. मुलगी शिवणकाम करी. पुढच्या खोलीत दोन मशिनी, कापायचे लांब टेबल आणि टेबलाच्या टोकाला, खिडकीपाशी, बाबांची खुर्ची. टेबलावरची ऊन पडणारी जागा त्यांची, बाकी मुलीची, असा करार होता आणि दोघेही तो मोडत.

"बाबा, टायपिस्टबाई आल्यात!" मुलगी त्यांच्या कानाशी ओरडली. "आणि नवे पाळक!"

"दोघं? मग माझंच काही तरी चुकलं असणार," बाबा म्हणाले. "बस पोरी. साहेब, ती वही खाली ठेवा, नाहीतर तुमच्याच नोंदीची वेळ यायची."

नव्या पाळकांनी वही ठेवली आणि उभ्या उभ्याच विचारले, "बाबा, कारणाच्या रकान्यात तुम्ही सगळ्यांना एकच लिहिलंय."

"मग? कारण एकच आहे. पाळकांच्या शाळेत तुम्हाला दुसरं शिकवलं का हल्ली?"

"तसं नाही, पण रकाना आजारासाठी होता."

"रकान्यावर 'मृत्यूचे कारण' छापलं होतं. आजार विचारायचा होता तर आजार छापायचं. ताप, अपघात, म्हातारपण, ही निमित्तं. मरणाला काही तरी निमित्त लागतंच. पण माणसाला मुळात मरण का लागलं, हे मला विचारलंत तर मी एकच उत्तर देणार. नोकरीच ती माझी."

"आणि ते बाळ?" बाईंनी विचारले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, म्हणून बाबांना तो पहिल्या खेपेत ऐकू आला. "सव्वीस दिवसांत त्याने काय पाप केलं, बाबा?"

बाबा एकदम वळले.

"काही नाही. त्याने काही केलं नाही. हे बघ, आदामाने घराला आग लावली. आपण सगळे त्या जळत्या घरात जन्मलो. धुराने जो आधी गुदमरला त्याने काडी ओढली होती असं कोण म्हणेल? लोक म्हणतात, ते मला माहीत आहे. कुणाच्या घरात मरण आलं की शेजारी हळूच विचारतात, यांनी काय केलं असेल? म्हणूनच मी सगळ्यांपुढे एकच शब्द लिहिला. माझ्या बायकोपुढे लिहिला. माझ्यापुढे कुणी लिहिणार असेल तर त्यानेही तोच लिहावा. म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा राहत नाही."

मुलीने मशीन थांबवले होते.

बाईंनी वही जवळ ओढली. मग म्हणाल्या, "माझ्या भावापुढेही तेच आहे. मला वाटलं, ते माझं लिहिलंत."

"तुझं काय?"

"मी तुम्हाला सांगितलं होतं. कबरीपाशी. आईने नको म्हटलं असताना मी त्याला पाणी दिलं, आणि आईशी खोटं बोलले. तुम्ही म्हणालात, देवाला सगळं माहीत आहे."

"हो, म्हणालो असेन. नेहमी म्हणायचो."

"दहा वर्षांची होते, बाबा. मी त्याचा अर्थ असा घेतला, की देवाने पकडलं."

बाबांनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले आणि उठायचा प्रयत्न केला. उठता आले नाही. परत बसले.

"अरे देवा," ते म्हणाले. "मी तर धीर द्यायला म्हटलं होतं. देवाला माहीत आहे, म्हणजे तुझं पोरवय माहीत आहे, त्याची तहान माहीत आहे. एवढं सगळं पोटात ठेवून वरचं टरफल तुझ्या हातात दिलं आणि कुणी बोलावलं म्हणून निघून गेलो. किती वर्षं झाली?"

"एकावन्न."

"माझं चुकलं, पोरी. क्षमा कर मला."

एक्याण्णव वर्षांच्या पाळकाने क्षमा मागितल्यावर काय म्हणायचे असते, हे बाईंना कुणी शिकवले नव्हते. त्यांनी मान हलवली.

"आणि खोटं ते खोटंच होतं, ते मी पुसत नाही," बाबा म्हणाले. "पण त्याचा हात तिथपर्यंत पोचत नव्हता गं. शेरा वाचलास त्याचा?"

"पट्टा चिकटलाय ओलीने."

"मग मला विचारू नकोस. मला काल काय जेवलो ते आठवत नाही."

"काल तुम्ही माझी पण पोळी खाल्लीत," मुलगी म्हणाली.

"बघ. पण एक सांगतो. शेऱ्यात मी माझ्या मनचं अक्षर घातलेलं नाही. घरच्यांनी सांगितलं तेवढंच. कारणाला त्यांनी रकाना दिला होता, पण त्या कारणावर देवाने जो इलाज केला त्याला रकाना नव्हता. मग आभार लिहायला मला शेराच सापडला."

नव्या पाळकांनी वही क्रमांक एकतीसवर उघडली. मुलगी उठली, तिने पट्टा बोटाने चाचपला, उजेडात तिरका धरून पाहिला.

"निघेल," ती म्हणाली. "अस्तर चिकटलं की असंच होतं. ओढायचं नाही, फक्त वाफ द्यायची."

"शाई पसरेल," बाई म्हणाल्या.

"ती शाई?" बाबा म्हणाले. "माझ्या सदऱ्यावर पडलेली हिच्याने अजून निघाली नाही, विचार हिला."

मुलीने इस्त्री तापवली. पानावर सुती फडके धरले, इस्त्री वर चार बोटे अंतरावर ठेवून वाफ सोडली, मोजून दहा आकडे. मग बिनधारेची सुरी पट्ट्याच्या कडेखाली सरकवली. कागद नखभर उचलला. पुन्हा फडके, पुन्हा वाफ. नवे पाळक श्वास रोखून उभे होते. बाईंनी टेबलाची कड धरली होती. पाव तास गेला. चौथ्या वाफेला पट्टा पूर्ण सुटला आणि मुलीने तो उलगडून टीपकागद दाबला.

"तूच वाच," ती बाईंना म्हणाली आणि बाजूला झाली.

शाई पसरली नव्हती. बाईंनी नकला विभागातल्या सवयीने मोठ्याने वाचले, एकेक शब्द, विरामचिन्हासकट.

"निमित्त, जुलाब व उलट्या, दीड दिवस. आभार, मूल तहानलेले गेले नाही, मी घातलेली बंदी मोडून बहिणीने पाणी पाजले. सांगणार..."

इथे त्या थांबल्या.

"सांगणार कोण?" बाबांनी कानाला हात लावला.

"सांगणार, आई," बाईंनी वाचले. "पुढे कंसात आहे. मुलानेच तिला सांगितले. तीन पेले, असे म्हणाला."

मग बाईंच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. मुलीला वाटले हुंदका आहे, ती पुढे झाली. पण तो हुंदका नव्हता, किंवा नुसता हुंदका नव्हता.

"चुगलखोर!" बाई म्हणाल्या. हसत होत्या आणि गालांवरून पाणी ओघळत होते. "मेला, जाता जाता सांगून गेला! तीन पेले! मोजले पण!"

"कोण?" बाबांनी विचारले.

"बटण, बाबा, माझा बटण! मी एकावन्न वर्षं कुणाला कळू दिलं नाही, आणि याने त्याच दुपारी सांगून टाकलं!"

मग बाबाही हसले, बरेच उशिरा, सगळे कळल्यावर.

वही परत नेताना नवे पाळक वाटेत दोनदा थांबले. वही जड होती हे एक, आणि त्यांना बोलायचे होते हे दुसरे. "बाई, ते 'इतर' नको," ते म्हणाले. "मी मुख्य कार्यालयाला फोन करतो. यादीत एक शब्द वाढवून द्या म्हणतो."

"काय शब्द म्हणून विचारतील."

"सांगेन की. नोकरीच ती माझी."

त्या संध्याकाळी बाईंनी नवऱ्याला सगळे सांगितले. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तुझ्या आईला माहीत होतं, आणि तू तिला माहीत नाही असं धरून चाललीस. तिला वाटलं असेल, हिला बोलायचं नसेल तर नको." थोडे थांबून म्हणाला, "म्हणून तुझ्याच हातचं पाणी मागायची का गं?"

बाईंनी या वेळी न मागता मीठ पुढे सरकवले.

त्यानंतर काम शिस्तीत झाले. दिवसाला पंचवीस नोंदी. बाई कारणाच्या रकान्यात तोच शब्द निवडत (कार्यालयाने तो नवव्या दिवशी यादीत घातला, कारण न विचारता; तोवर रकाना कोरा होता) आणि शेरे जसेच्या तसे उतरवत. निमित्त, आभार, सांगणार. 'शेवटपर्यंत देणेकऱ्यांची नावे विसरला नाही आणि घेणेकऱ्यांची विसरला, त्यामुळे आम्ही हसलो.' 'खिडकी उघडी हवी म्हणाली, उघडी होती.' 'कुत्रे पायाशी होते.' स्वतःच्या बायकोपुढे पाळकबाबांनी लिहिले होते, 'माझे बोलणे कंटाळवाणे होते असे तिने अखेर कबूल केले. सांगणार: नवरा.' बाईंनी ते उतरवले आणि चष्मा पुसला. हे त्या काळात वरचेवर होऊ लागले होते.

चोविसाव्या दिवशी चौथ्या वहीत क्रमांक पाचशे अठ्ठ्याण्णव आला. आई. वय एक्याऐंशी. कारण: पाप. बाईंनी पट्टा उलगडला.

'निमित्त: वार्धक्य. आभार:' आणि पुढे ओळभर कोरी जागा. तिच्याखाली: 'मुलीला बोलता आले नाही. जागा ठेवली आहे.'

बाईंना तो दिवस आठवला. बाबांनी नेहमीप्रमाणे विचारले होते आणि त्यांनी मान फिरवली होती.

छत्तीस वर्षांत त्यांनी मूळ कागदात एक टिंबही वाढवले नव्हते. त्यांनी टेबलावरचे पेन उचलले, टोपण काढले, आधी रद्दी कागदावर रेघ ओढून शाई उतरते का ते पाहिले. मग कोऱ्या जागेत, शक्य तितक्या बारीक आणि सरळ अक्षरात लिहिले:

'शेवटचे पाणी माझ्याच हातचे मागितले. सांगणार: मुलगी.'

शाई वाळू दिली. मग तीच ओळ संगणकात उतरवली आणि मुळाशी ताडून पाहिली. चूक नव्हती. त्या दिवशी तेवीस नोंदी झाल्या, रोजच्यापेक्षा दोन कमी.